गुडघाभर म्हणजे किती?

मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्याची खोली कोणी सेंटिमीटरमध्ये सांगत नाही. घोटाभर आहे, पोटरीपर्यंत आलं, गुडघाभर झालं, कमरेला लागलं, अशीच भाषा हिंदमातापासून सायनपर्यंत सगळीकडे चालते आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून निघायचे की थांबायचे हे बरोबर कळते. मी ज्या विषयात गेली अनेक वर्षे संशोधन करते आहे, त्याचा सारा खटाटोप याच एका गोष्टीभोवती आहे: अशा शब्दांवरून माणूस जे अनुमान काढतो, ते यंत्राला काढता येईल का, आणि ते काढताना शब्दाचा अर्थ शाबूत राहील का. या विषयाला फझी लॉजिक म्हणतात. त्यासाठी ‘धूसर तर्कशास्त्र’ असा प्रतिशब्द अनेकदा सुचवला जातो, पण तो मला पटत नाही, कारण इथे तर्क धूसर नसतो. तो पूर्ण गणिती आणि काटेकोर असतो. ज्या शब्दांना तो हात घालतो, त्यांच्या कडा तेवढ्या मऊ असतात.

कडा कठीण केल्या की काय होते, हे पावसाच्याच आकड्यांत दिसते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ झाला की ‘अति जोरदार’ आणि त्याच्या पुढे गेला की ‘अत्यंत जोरदार’ ठरतो. म्हणजे मोजमाप ६४.४ वर थांबले तर दिवस मध्यम पावसाचा, आणि आणखी एक दशांश मिलिमीटर पडला की तोच दिवस जोरदार पावसाचा. पिकांच्या नुकसानीच्या मदतीसाठी महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस हा अतिवृष्टीचा निकष आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरला जातो. ६४ नोंदलेल्या मंडळातले आणि ६६ नोंदलेल्या मंडळातले, बांधाच्या दोन्ही बाजूंचे सोयाबीन सारखेच आडवे झालेले असते, पण पंचनाम्याच्या दृष्टीने त्या दोन शेतांवर दोन वेगळे पाऊस पडलेले असतात. प्रशासनाला कुठेतरी रेषा मारावीच लागते, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती रेषा निर्णयाच्या सोयीची असते, पावसाच्या स्वभावातली नसते, आणि अनुमान करणाऱ्या यंत्रात ती पहिल्याच पायरीवर मारून टाकली तर पुढच्या प्रत्येक पायरीवर ती चूक वाढत जाते.

हे पहिल्यांदा गणिताच्या भाषेत नीट मांडले ते लोत्फी झादे यांनी. त्यांचा जन्म १९२१ साली बाकूमध्ये झाला, शिक्षण तेहरानमध्ये झाले, १९४४ साली ते अमेरिकेत गेले आणि १९५९ पासून बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी आयुष्य घालवले. मूळचे ते विद्युत अभियंता. झेड-ट्रान्सफॉर्म या गणिती साधनावरचे, जॉन रागाझिनी यांच्यासोबतचे त्यांचे १९५२ सालचे काम आजही नियंत्रण प्रणालीच्या वर्गात शिकवले जाते, आणि काटेकोर गणितात मुरलेल्या माणसाने शब्दांच्या मऊ कडांकडे वळावे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९६५ साली त्यांचा ‘फझी सेट्स’ हा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीचे उदाहरण साधे आहे: प्राण्यांच्या वर्गात कुत्रे, घोडे, पक्षी निश्चितच येतात, दगड आणि वनस्पती निश्चितच येत नाहीत, पण तारामासा किंवा जिवाणू यांच्याविषयी मात्र तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. मग ते संचाची नवी कल्पना मांडतात. शाळेत शिकलेल्या संचात घटक एक तर असतो किंवा नसतो. झादे यांच्या संचात तो ० ते १ यांच्यामधल्या कोणत्याही मात्रेने असू शकतो. ‘१ पेक्षा खूप मोठ्या संख्या’ या संचासाठी त्यांनी दिलेले आकडे मला पाठ आहेत: ५ ची मात्रा ०.०१, १० ची ०.२, १०० ची ०.९५ आणि ५०० ची १.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात, की १० ला ०.२ च का, ०.३ का नाही? झादे यांनी स्वतःच म्हटले आहे, की ही मात्रा नेमकी असली तरी व्यक्तिसापेक्ष आहे. पाठ्यपुस्तके हा मुद्दा एका ओळीत उरकून किमान, कमाल आणि पूरक संचांच्या सूत्रांकडे धावतात. माझ्या अनुभवात मात्र सगळे काम त्या एका ओळीतच आहे. सूत्रे दोन आठवड्यांत शिकवून होतात. मात्रा कुठून आणायच्या, हे शिकायला मला एका पंपाच्या चौकीत बसावे लागले.

आमचा प्रकल्प होता पाणी साचण्याच्या इशाऱ्याचा. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर गेली आणि त्याच वेळी पाऊस कोसळला, की पाण्याला जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ च्या आसपास. एकाच शहरात असा पाऊस पडू शकतो, तर ‘मुंबईत जोरदार पाऊस’ या वाक्यावरून एखाद्या ठिकाणचा निर्णय कोणी घेऊच शकत नाही. म्हणून आम्ही पश्चिम उपनगरातला एकच सबवे घेतला आणि तिथे पंप चालवणाऱ्या माणसाचे ज्ञान नियमांत उतरवायचे ठरवले.

त्या काकांना या कामाची वीस वर्षांहून अधिक सवय. जुलैमधल्या एका रात्री मी त्यांच्याबरोबर चौकीत बसले होते. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा होता की शेजारी बसूनही मोठ्याने बोलावे लागत होते. मी वही उघडून विचारले, “काका, बॅरिकेड किती पाण्याला लावता?”

“गुडघ्याला टेकायच्या आधी.”

“म्हणजे किती सेंटिमीटर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, टॉर्च उचलला आणि खाली सबवेच्या कडेच्या पायऱ्यांवर प्रकाश टाकला. “मॅडम, ती तिसरी पायरी बघा. ती गेली की पोटरी. चौथी बुडाली की गुडघा. पण मी पायरी नाही बघत. तिसरी बुडाल्यावर चौथी बुडायला किती वेळ लागतो, ते बघतो. पाऊस जोर धरून असेल तर मी पोटरीलाच लावून टाकतो.”

मी वहीत दोन नियम लिहिले. पाणी गुडघाभर होत आले असेल, तर रस्ता बंद करा. पाणी पोटरीभर असेल, झपाट्याने चढत असेल आणि पाऊस जोराचा असेल, तरीही रस्ता बंद करा. आमच्या आधीच्या आराखड्यात पाण्याची उंची होती, पण चढण्याचा वेग कुठेच नव्हता. तो त्या टॉर्चच्या उजेडात सापडला.

लोकांच्या शब्दांतून यंत्रासाठी नियम लिहिण्याची ही पद्धत जुनी आहे. टांझानियात जन्मलेले, भारतात शिकलेले आणि १९६६ साली ब्रिटनला गेलेले इब्राहिम मामदानी यांनी लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात आपला विद्यार्थी असिलियन याच्यासोबत सत्तरच्या दशकाच्या मध्यात एक लहानसे वाफेचे इंजिन अशा शाब्दिक नियमांवर चालवून दाखवले. दाब थोडा कमी असेल आणि वाढत नसेल, तर उष्णता जरा वाढवा, अशा धाटणीचे ते नियम होते. पुढे सिमेंटच्या भट्ट्यांवर हे तंत्र गेले, आणि १९८७ साली जपानमधल्या सेंडाई शहराची भुयारी रेल्वे हिताचीच्या फझी नियंत्रणावर धावू लागली. गाडी नेमक्या जागी थांबवायची आणि तरी उभ्या प्रवाशाला हिसका बसू द्यायचा नाही, हे आपल्या लोकलचे चांगले मोटरमन हातांनी करतात. तिथे ते नियमांनी केले.

आमच्या नियमांतला ‘गुडघाभर’ हा संच मी पहिल्यांदा असा मांडला: ३५ सेंटिमीटरपर्यंत मात्रा शून्य, तिथून सरळ रेषेत चढत ४५ ला मात्रा १, ५० पर्यंत ती १ वरच, आणि तिथून उतरत ६० ला पुन्हा शून्य, कारण त्यापुढे लोक ‘मांडीपर्यंत’ म्हणू लागतात. ‘पोटरीभर’ हा संच जिथे उतरतो, त्याच पट्ट्यात ‘गुडघाभर’ चढतो. त्यामुळे ४२ सेंटिमीटर पाणी असेल तर ते ०.७ मात्रेने गुडघाभर आणि ०.३ मात्रेने पोटरीभर असते. दोन्ही नियम एकाच वेळी, आपापल्या जोराने लागू होतात आणि निर्णय त्यांच्या मिश्रणातून येतो. एका सेंटिमीटरने निर्णय उलटत नाही.

एका सादरीकरणात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला थांबवले आणि म्हटले, “हे सरळसरळ संभाव्यता आहे. नाव बदलून काय उपयोग?” हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर इथे सावकाश लिहून ठेवावेसे वाटते. ‘उद्या इथे गुडघाभर पाणी साचण्याची संभाव्यता ०.७ आहे’ असे मी म्हटले, तर माझे अज्ञान मी आकड्यात सांगितले. उद्या संध्याकाळी पाणी साचले की नाही हे दिसले, की तो ०.७ संपला. पण ‘आत्ता साचलेले पाणी ०.७ मात्रेने गुडघाभर आहे’ असे म्हणताना मला कशाचेच अज्ञान नाही. पट्टी पाण्यात उभी आहे, तिच्यावर ४२ दिसते आहे, आणि तरीही ०.७ तसाच राहतो, कारण तो पाण्याविषयी नसून ‘गुडघाभर’ या शब्दाविषयी आहे. झादे यांनी १९७८ साली शक्यतेची मात्रा ही आणखी एक कल्पना मांडताना न्याहारीचे उदाहरण घेतले होते. हान्स नावाचा माणूस सकाळी तीन अंडी खाऊ शकतो का, तर सहज खाऊ शकतो, म्हणून शक्यतेची मात्रा १. पण तो रोज खरोखर तीन अंडी खातो का, तर क्वचितच, म्हणून संभाव्यता ०.१. तीन वेगळे प्रश्न आहेत, तीन वेगळी मोजमापे आहेत, आणि एकच आकडा तिन्ही ठिकाणी बसवला की अनुमान फसते.

याच्या उलट बाजूचा एक गैरसमजही मला खटकतो. फझी लॉजिक म्हणजे आपला जैन स्याद्वादच, असे अनेक जण अभिमानाने लिहितात. स्याद्वादाबद्दल मला अतिशय आदर आहे, पण तिथला ‘स्यात्’ हा दृष्टिकोनाचा आहे: एका अपेक्षेने आहे, दुसऱ्या अपेक्षेने नाही. सप्तभंगीच्या सात विधानांत मात्रेचा, कमी-अधिकाचा हिशेब नाही. साम्य शोधताना दोन्ही विचारांचे नेमकेपण घालवण्यात कोणाचाच मान नाही.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण तिच्यातून मला या विषयातले सर्वांत जास्त कळले. ‘पाऊस जोराचा आणि भरती मोठी असेल तर धोका जास्त’ हा आमचा एक नियम होता. यातल्या ‘आणि’साठी मी पुस्तकातली नेहमीची रीत वापरली, म्हणजे दोन मात्रांपैकी लहान ती घ्यायची. जुन्या नोंदींवर आराखडा चालवून पाहिला तेव्हा दोन संध्याकाळींना त्याने सारखाच धोका दाखवला. दोन्ही दिवशी भरती सारखी होती, ‘मोठी भरती’ची मात्रा ०.४. पण एका दिवशी पावसाची मात्रा ०.५ होती आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण १. पहिल्या दिवशी पाणी अर्ध्या तासात ओसरले होते, दुसऱ्या दिवशी रस्ता रात्रीपर्यंत बंद होता. लहान मात्रा घ्यायची म्हटल्यावर दोन्हीकडे उत्तर ०.४ येणारच, पाऊस दुप्पट झाला काय आणि न झाला काय, भरतीच्या आकड्याने त्याचे तोंड बांधून टाकले होते. मी अनेक दिवस ‘मोठी भरती’चा आलेखच खालीवर सरकवत बसले. शेवटी काकांना हे दोन दिवस सांगितले, तर ते लगेच म्हणाले, “भरती अर्धीमुर्धी असली तरी पाऊस वाढला की फरक पडणारच ना, मॅडम. दोघं एकमेकांना धरून असतात.” तेव्हा माझ्या ध्यानात आले, की त्यांच्या तोंडचा ‘आणि’ हा लहान मात्रा निवडणारा ‘आणि’ नाही, तो गुणाकाराचा आहे. गुणाकार घेतला तर पहिल्या दिवशी ०.२ आणि दुसऱ्या दिवशी ०.४ येते, आणि दोन संध्याकाळी वेगळ्या होतात. ‘आणि’साठी अशी अनेक गणिती रूपे या शास्त्रात उपलब्ध आहेत. कोणते घ्यायचे, हे बोलणाऱ्याच्या मनातल्या अर्थावरून ठरवायचे असते आणि मी ते सवयीने ठरवले होते.

फझी लॉजिकवर झालेली टीका मी गांभीर्याने घेते. नियंत्रणशास्त्रातले काल्मन फिल्टर हे साधन ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या रुडॉल्फ काल्मन यांनी १९७२ सालीच यात वैज्ञानिक शिस्तीची ढिलाई असल्याचे जाहीरपणे म्हटले होते. १९९३ साली संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स एल्कन यांनी असा प्रश्न उभा केला, की ज्याचा तार्किक पाया त्यांच्या मते डळमळीत आहे, ते तंत्र प्रत्यक्षात यशस्वी कसे होते. पाणी ०.५ मात्रेने खोल असेल, तर नेहमीच्या सूत्रांनुसार (‘नाही’साठी मात्रा १ मधून वजा करायची, ‘किंवा’साठी दोहोंतली मोठी घ्यायची) ‘खोल आहे किंवा खोल नाही’ हे विधानही अर्धेच खरे ठरते, आणि शाळेपासून तर्क शिकलेल्या माणसाला ते खुपणे साहजिक आहे. मला त्याहून मोठी अडचण व्यवहारातली वाटते. पाच गोष्टी मोजायच्या आणि प्रत्येकीसाठी पाच शब्द, एवढे धरले तरी सगळे नियम लिहायला ३१२५ ओळी लागतात. इतके नियम कोणत्याही अनुभवी माणसाच्या डोक्यात नसतात. काकांकडून मला एकूण चौदा नियम मिळाले. उरलेल्या जागा भरण्याचा मोह मी टाळला, आणि जिथे एकही नियम लागू होत नाही तिथे यंत्राने ‘मला सांगता येत नाही’ असेच म्हणावे, अशी व्यवस्था केली.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात विद्यार्थी मला विचारतात, की भाषा इतकी सफाईने वापरणारी मॉडेल्स आल्यावर या चौदा नियमांचे काय काम? ही मॉडेल्स पुढचा शब्द कोणता येण्याची संभाव्यता किती, हे अफाट मजकुरातून शिकतात, आणि त्यांची क्षमता थक्क करणारी आहे. पण सबवे बंद करण्याचा निर्णय चुकला, तर उद्या कोणीतरी विचारणार, की का बंद केला, किंवा का केला नाही. तेव्हा पाणी ०.७ मात्रेने गुडघाभर होते, चढण्याचा वेग अमुक मात्रेने जास्त होता, तिसरा आणि सातवा नियम या जोराने लागू झाला, असे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, आणि त्यातली कोणती मात्रा चुकीची धरली होती, हे रस्त्यावरच्या माणसालाही सांगता आले पाहिजे. गेल्या काही वर्षांत आम्ही आलेखांचे आकार नोंदींवरून यंत्राला शिकू देतो, पण शब्द आणि नियम माणसांचे ठेवतो. शिकलेला आकार शब्दाशी फारकत घेऊ लागला, म्हणजे ‘पोटरीभर’चा आलेख ६० सेंटिमीटरपर्यंत ताणला गेला, की आम्ही तो नाकारतो, मग आकड्यांवरची कामगिरी थोडी घटली तरी चालेल. आमच्या गटात या निर्णयावर मतभेद आहेत. मी माझ्या मतावर ठाम आहे.

शिवाय एक प्रश्न उरतोच: गुडघाभर, पण कोणाच्या गुडघ्याने? झादे यांनी १९७५ सालीच सुचवले होते, की मात्रा हीच एक फझी गोष्ट मानता येईल; म्हणजे ४२ सेंटिमीटरसाठी ०.७ असा एक आकडा न देता, वेगवेगळ्या माणसांच्या मतांचा मिळून एक पट्टा द्यायचा. याला दुसऱ्या प्रकारचे फझी संच म्हणतात. आम्ही फेरीवाले, रिक्षावाले, शाळेत मुलांना सोडणाऱ्या आया आणि वाहतूक पोलीस यांना पायऱ्यांची छायाचित्रे दाखवून विचारत गेलो, की हे पाणी गुडघाभर म्हणाल का. रिक्षावाल्यांचे उत्तर गुडघ्यावर ठरत नव्हते, ते सायलेन्सरवर ठरत होते. आयांची उत्तरे इतरांपेक्षा बरीच खाली होती आणि सुरुवातीला मी ती अपवाद म्हणून बाजूला काढली होती.

या जूनमध्ये मी सुधारलेले आलेख लॅपटॉपवर घेऊन पुन्हा चौकीत गेले. पाऊस अजून लागायचा होता आणि काका पंपाचे तेलपाणी करत होते. हात पुसून ते बाकावर येऊन बसले, पडद्यावरच्या रेषा बराच वेळ पाहत राहिले आणि मग ‘गुडघाभर’ जिथून चढायला लागतो, त्या ठिकाणी त्यांनी बोट ठेवले.

“हा चढ जरा आधीपासून घ्या,” ते म्हणाले. “सकाळच्या शाळेची पोरं इथूनच जातात. त्यांचा गुडघा कुठे येतो?”

मी बाजूला काढलेली आयांची उत्तरे पुन्हा आत घेतली आणि चढ ३५ ऐवजी २५ सेंटिमीटरपासून धरला. ४२ सेंटिमीटर पाणी आता ०.८५ मात्रेने गुडघाभर आहे.